पेडलवर पाय कुणाचा

उस्ताद, मागच्या आठवड्यात चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात ट्रेनिंग बघणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "सर, व्याख्यान आणि कार्यशाळा यांत नेमका फरक काय? दोन ओळींत द्या, बॅनरवर छापायचंय." मी उद्या देतो म्हणालो आणि आठवडाभर देता आल्या नाहीत. जाता जाता त्या असंही म्हणाल्या, "आणि सर, तो बोकडाचा पाय या वेळी नको. मागच्या बॅचमधून तक्रार आलीय, भावनांचा प्रश्न असतो. त्याऐवजी ऊस चालेल ना? रस उडतो, पोरांना मजा येते." ऊस हा शब्द ऐकला आणि माझा डावा हात आपोआप खिशात गेला. बाई चांगल्या आहेत, कामाच्या पक्क्या आहेत, त्यांना काय ठाऊक. पण माझं डोकं तेव्हापासून प्रेससारखं चाललंय, धाड धाड, आणि प्रत्येक ठोक्याला तुम्ही आठवता.

तुम्ही म्हणाल, याला सर कोण म्हणतं रे? म्हणतात, उस्ताद. दहावी नापास, ना आयटीआय ना डिप्लोमा, तरी पॉवर प्रेसवर हात कसा वाचवायचा हे शिकवायला मला जालना रोडपासून वाळूजपर्यंत बोलावतात. मी कुणाच्या वर्गात बसून काही शिकलो नाही. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. त्यातल्या एकात क्लचच्या आकृतीतला बाण उलटा छापलाय, तो मी पेनानं सुलटा करून ठेवलाय, आणि पुस्तक वाचनालयाचं आहे. स्वतःचा स्वतः शिकलेला माणूस, असं मी छाती काढून सांगतो. तुमचं नाव कुठंच घेत नाही. कारण तुमच्याशी माझं भांडण आहे आणि ते मिटायच्या आधीच तुम्ही गेलात. भांडण एवढंच की तुम्ही सगळ्यांना मारलंत, एकट्या मला मारलं नाहीत.

ते पत्र्याचं शेड अजून जसंच्या तसं दिसतं. उन्हाळ्यात वर पत्रा तापलेला, खाली तेलानं काळी झालेली फरशी, आणि भिंतीला लागून ओळीनं प्रेस. वर फिरणारं लोखंडी चाक, खाली पेडल. पायानं पेडल दाबलं की वरचा पंच खाली येतो आणि डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवलेल्या पत्र्याचा वॉशर कापून वर जातो. पत्रा चिमट्यानं ठेवायचा, चिमट्यानंच काढायचा, हा तुमचा एकच कायदा. पण पैसे नगावर मिळत, आणि हातानं काम चिमट्यापेक्षा लवकर होतं. म्हणून सगळे हात घालायचे. आणि तुम्ही पाठीमागून पोलादी फूटपट्टी घेऊन फिरायचात. हात पंचाखाली दिसला की पट्टी मनगटावर, आणि सपाट नाही, धारेवर. अजिंठ्याकडच्या त्या गड्याचं मनगट तर कायम निळंच असायचं. एकदा तो कळवळून ओरडला, "मारा उस्ताद, पन जेवायच्या हातावर नको!" तुम्ही दुसरी ठेवून देत म्हणालात, "खाने कू हात रहना बोलके मारता हूँ, उल्लू!" सगळं शेड हसलं. तोही हसला, मनगट काखेत दाबून.

आणि नव्या माणसाला पेडल देण्याआधी तुमचा तो रिवाज. शनिवारी सकाळी शहागंजातून खुरासकट बोकडाचा पाय आणायचा. त्यावर कातडी हातमोजा चढवायचा, बोटांत चिंध्या कोंबायच्या, बाहीला सुतळी बांधायची, आणि पंचाखाली ठेवायचा, अगदी माणूस हात घालतो तसा तिरका. मग नव्या माणसाला म्हणायचं, "मार पेडल." पेडलवर पाय त्याचाच. तुमचा कधी नाही. धाड् असा आवाज यायचा, पण पत्र्यावरच्या धाडपेक्षा ओला. मग म्हणायचात, "मोजा उतार. देख अंदर क्या है." तो उतरवायचा. आत हाडाचा भुगा, कातडं, चिंध्यांत मिसळलेला गर. कुणी ओकायचं, कुणी मटकन खाली बसायचं. तुम्ही पाणी द्यायचात आणि म्हणायचात, "अब्बी तेरे कू समझ्या. बोलने से नै समझता." तुमच्या तोंडी कार्यशाळा हा शब्द कधी आला नाही, पण तीच ती.

मी आलो ती वेळ वाईट होती. शहरात दंगल होऊन गेली होती. कर्फ्यू उठला होता, पण गल्ल्यांतला जळका वास गेला नव्हता. मी गंगापूरकडचा, विशीतला, ऊस आणि कपाशीच्या घरचा, गळ्यात तुळशीची माळ. थोरले काका एसटीत बसवताना म्हणाले होते, "मियाच्या हाताखाली चाललास. वंगाळ बोलला, हात लावला, तर निस्तं कळव. जीप भरून येतो." आणि हे मी पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत, फुशारकीनं, सगळ्यांसमोर सांगितलं. तुम्ही नळावर डबा धूत होता. पाठ आमच्याकडं होती. डबा धुणं थांबलं नाही.

शनिवार आला. तुम्ही मोजा चढवलेला पाय घेऊन माझ्या प्रेसजवळ आलात. मी दोन पावलं मागं सरकलो आणि म्हणालो, "उस्ताद, मी माळकरी हे. मी मटनाला हात लावनार नाय. पायबी नाय." शेडमधल्या प्रेस एकेक करून थांबल्या. अजिंठ्याचा गडी माझ्याकडं असा बघत होता की आता याची कानशिलं लाल होणार. मोज्यातून एक थेंब फरशीवर पडला. मग तुम्ही तो पाय कागदात गुंडाळलात, बाहेर नेऊन ठेवलात, साबणानं हात धुतलेत, परत एकदा धुतलेत, आणि येऊन म्हणालात, "ठीक है भाऊ. आपका धरम है." सगळ्यांना तू आणि मला आप. मी त्या दिवशी ताठ मानेनं जेवलो, उस्ताद. वाटलं, या माणसानं आपल्याला ओळखलं.

मीच म्हणालो, त्याऐवजी ऊस आणतो. रविवारी गावाहून आमच्याच रानातली मोळी आणली. सोमवारी एक कांडं मोज्यात घातलं, पंचाखाली ठेवलं आणि पेडल मारलं. कांड्याच्या चिरफळ्या उडाल्या आणि रसाची चिळकांडी थेट तुमच्या दाढीवर. "उस्ताद, चाटो चाटो!" कुणीतरी ओरडलं. तुम्ही बाहीनं दाढी पुसलीत आणि हसलात. तुम्हाला हसताना मी तेव्हा एकदाच पाहिलं. मग उरलेली मोळी आम्ही सगळ्यांनी प्रेसवर बसून सोलून खाल्ली, चोयट्या डायमध्ये अडकल्या, त्या तुम्ही काढत बसलात. माझा पहिला धडा तो. प्रेसखाली हात गेला तर काय होतं? गोड होतं.

पुढं तुम्ही मला कधी पट्टी लावली नाहीत. माझा हात आत दिसला की पट्टी उचलली जायची आणि हवेतच थांबायची. मग तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात म्हणायचात, "भाऊ, चिमटा लीजिए. उँगली खुदा की देन है." बाकीचे टोमणे मारायचे, "जावईबापू हैत! जावयाला कोन मारतं?" एकदा तर तुम्ही चक्क हात जोडलेत. मी हसून चिमटा घेतला, आणि तुमची पाठ वळल्यावर ठेवून दिला. त्या सगळ्या शेडमध्ये व्याख्यान ऐकायला मिळणारा माणूस मी एकटा होतो. बाकी सगळे कार्यशाळेत होते.

तो दिवस सांगतो. दुपारची वीज गेलेली आलीय, चाक पुन्हा वेग धरतंय. एक वॉशर डायमध्ये तिरका अडकलाय. चिमटा माझ्या कमरेशेजारी, खिळ्याला. मी डावा हात घालतो. पाय पेडलवरच आहे, कारण तो काढायची सवय मला कुणी लावलेली नाही. आणि पाय जड होतो. का जड होतो, हे मी इतकी वर्षं पुस्तकांतून शोधतोय. दुखलं नाही, उस्ताद. ओला आवाज आला, आणि खरं सांगतो, पहिला विचार उसाचा आला. रस. मग पाहिलं तर पंच अर्ध्यावरच अडकलेला, आणि डायमध्ये माझी मधली तीन बोटं होती, पापडासारखी चपटी, एकाचं नख सरळ वर. रक्त नंतर आलं, पण आलं ते पत्र्यावर उडेल एवढं. अजिंठ्याचा गडी किंचाळला. मी किंचाळलो नाही. हात अजून पंचाखाली चिणलेला आणि मी अंगठा हलतोय का ते बघत होतो.

तुम्ही धावत आलात, वीज तोडलीत, पहार घालून चाक उलटं फिरवलंत. तुमच्या मानेच्या शिरा दोरीसारख्या झालेल्या दिसल्या. पंच उचलला गेला. तुम्ही डोक्याचा रुमाल सोडून माझं मनगट करकचून आवळलंत आणि मला मालकाच्या टेम्पोत टाकलंत. आणि टेम्पो जालना रोडला लागला तसं तुम्ही मला मारायला लागलात. गालावर, कानावर, पुन्हा गालावर, उघड्या पंजानं, अंगात होतं तेवढ्या जोरानं. "चिमटा था ना! चिमटा था ना रे! क्या किया रे तू! सुव्वर, क्या किया तू!" टेम्पोवाला म्हणाला, "अहो, मरंल तो!" तुम्ही थांबला नाहीत. माझी शुद्ध जाऊ नये म्हणून मारत होता असं नंतर डॉक्टर म्हणाले. डॉक्टर शिकलेला माणूस. मी तिथं होतो, उस्ताद. तुम्ही शिकवत होता. बोटं गेल्यावर. आणि त्या सगळ्या वेळात पहिल्यांदा मला तू म्हणालात.

संध्याकाळी काका आले, खरोखर जीप भरून. दवाखान्याच्या व्हरांड्यात तुम्ही भिंतीला टेकून उभे होता, अंगावर माझं रक्त वाळलेलं. मला खाटेवरून दाराच्या फटीतून दिसत होतं. काकांनी तुमची कॉलर धरली. "पोराचा हात खाल्ला तुमी!" आणि एक थोबाडीत ठेवून दिली. तुमची टोपी पडली. ती तुम्ही उचलली नाहीत. म्हणालात, "मारो काका. हक है आपका." काकांचा दुसरा हात वर गेला होता, तो त्या उत्तरानं तसाच राहिला. मग ते आत आले, माझ्या उशाशी बसले, आणि त्यांना माझा गाल दिसला. चार बोटं, स्पष्ट, काळीनिळी. "हे काय? त्यानं मारलं व्हय तुला? निस्तं व्हय म्हन. पोरं खाली उभी हैत." मी म्हणालो, "मशीनवर आदळलो." मशीनला चार बोटं नसतात हे शेतकऱ्यालाही कळतं. पण काका उठले, आणि जीप गेली.

त्यानंतर तुम्ही मला मरेपर्यंत तू म्हणालात. मला गोदामावर बसवलंत, तिथंच मी वाचायला लागलो. तुमच्या मय्यतीला आलो तेव्हा तुमच्या चुलतभावाकडून कळलं, की अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या वेळी, तुमचे अब्बा गावाहून शहराकडं निघाले ते पोचलेच नाहीत. तुम्ही तेव्हा आईच्या कडेवर होता. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. मी माती द्यायला वाकलो, विसरून डाव्या हातानं. अंगठा आणि करंगळीच्या मधून सगळी माती माझ्याच पायावर पडली.

आता मी स्वतः शहागंजातून बोकडाचा पाय आणतो. गळ्यात माळ आहेच. खाटीक दरवेळी म्हणतो, "माळवाले साहेब, एक दिन रस्सा भी चख लो." मी म्हणतो, "तू गीता वाच, मी रस्सा चाखतो." घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करतो. मी कुणाला पट्टी मारत नाही, कायद्यानं चालत नाही. पण पाय सोडला नाही. बाई त्या दिवशी असंही म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही नुसता तुमचा हात दाखवा ना. तोच पुरे आहे." माझं डोकं फिरलं. माझा हात म्हणजे व्याख्यान आहे, उस्ताद. पोरं बघतात, चुकचुकतात, शेवटी टाळ्या वाजवतात, आणि मनात म्हणतात, याचं झालं, आपलं होणार नाही.

तक्रार कुणाची ते मी शोधलं. गंगापूरकडचाच पोरगा, उंच, हात लांबसडक, मागच्या बॅचमध्ये पेडल न मारताच राहिलेला, सोमवारी प्रेसवर चढणार. जेवणाच्या सुट्टीत त्याला ट्रेनिंगच्या प्रेसजवळ बोलावलं. मेन स्विचला कुलूप होतं, किल्ली माझ्या खिशात, चाक थंड. हे सगळं मी आधी तपासलं होतं. त्याला ते ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "सर, मी माळकरी हे. बोकडाच्या पायाला हात नाय लावनार."

मी सदऱ्यातून माझी माळ बाहेर काढली. "मग मी कोन हे?"

"मग तुमी कसं लावता?"

"साबन लावून अंघोळ करतो."

तो हसला. मग लाडीगोडीनं म्हणाला, "ऊस घ्या ना सर. आमच्याच रानातला आनतो."

मी त्याचं मनगट धरलं आणि डायवर दाबलं, बोटं थेट पंचाखाली. उजव्या हाताचा सगळा जोर लावला. "आता पाय ठेव पेडलवर." तो म्हणाला, "सर, मस्करी नका करू." मी म्हणालो, "ठेव पाय." त्यानं हात ओढला. मी सोडला नाही. "सोडा! सोडा म्हन्तो ना, तुमच्या आयला!" त्यानं मोकळ्या मुठीनं माझ्या कानावर एक दिली, मग दुसरी बरगडीत. माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी धरून राहिलो. त्याचं मनगट माझ्या पकडीत घामानं निसटायला लागलं, आणि मग ते झालं जे मला हवं होतं: त्याचा हात त्याला न विचारता, स्वतःहून, मागं यायला लागला. तेव्हा मी सोडला. तो भिंतीला जाऊन आदळला. मी खिशातून किल्ली काढून त्याला दाखवली. तो रडत होता. म्हणाला, "वर सांगीन मी." मी म्हणालो, "सांग. बाईंची केबिन जिन्याशेजारी हे."

त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गेटवर भेटला, मनगटाला रुमाल बांधलेला. खाली बघत म्हणाला, "काका, पाय मी नाय आननार. पन पेडल मारीन." सर गेलं होतं. काका आलं होतं.

मी विजयी वीरासारखा बाईंकडं गेलो. म्हणालो, पाय येणार, ऊस येणार नाही. त्या म्हणाल्या, "आणि सर, पुन्हा तक्रार आली तर?" मी म्हणालो, "अहो बाई, मी माळकरी. माझ्यावर कोण तक्रार करणार?" आणि हे बोललो तिथंच थांबलो, उस्ताद. मी त्या पोराचं मनगट धरू शकलो, कारण माझ्या गळ्यात माळ आहे. त्याचे दोन गुद्दे खाऊन मी काका झालो. तुम्ही तेच मनगट धरलं असतं, त्या वर्षी, त्या शहरात, तर तुम्ही काय झाला असता? मी तुमच्याशी भांडतोय ते पट्टी हवेत थांबली म्हणून. ती तुमच्या हातानं थांबवली नव्हती. ती पहिल्याच दिवशी, नळावर डबा धुताना, माझी जीपची फुशारकी ऐकून थांबली होती.

शेवटी बाईंना दोन ओळी दिल्या: व्याख्यानात पेडलवर पाय दुसऱ्याचा असतो. कार्यशाळेत आपला. त्या म्हणाल्या, छान आहे सर, छापते. छापतील. पण हे उरलेलं बॅनरवर मावणार नाही, आणि तुमच्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही. म्हणून हे इथंच राहील, वाचनालयाच्या त्या उलट्या बाणाच्या पुस्तकात. जीपवाल्या संध्याकाळी काकांशी मी तुमच्यासाठी खोटं बोललो, याचा मला आजवर फार अभिमान होता. पण माझी बोटं शाबूत असताना तुमची तीच चार बोटं माझ्या गालावर उठली असती, तर मी काकांना खरं सांगितलं असतं.